दोन माणसांचा नियम

विभागात तिला सगळे पाठवणीबाई म्हणतात. तोंडावर सिस्टर किंवा ताई, पाठीमागे पाठवणीबाई. हे पाठीमागचं नाव तिला चांगलं ठाऊक आहे, कारण ते तिच्या नवऱ्यानेच ठेवलं. एकदा ती डबा घरी विसरली म्हणून तो द्यायला आला आणि दारावरच्या रखवालदाराला म्हणाला, "आमच्या पाठवणीबाईंना बोलवा जरा. आम्हाला मात्र अजून कुठे पाठवलेलं नाही." रखवालदार हसत आत गेला आणि त्या दिवसापासून नाव चिकटलं.

काम तसंच आहे. फार लवकर जन्मलेली, हातात मावतील एवढी मुलं नवजात अतिदक्षता विभागात महिनोन्‌महिने काढतात. त्यातली काही घरी जायच्या लायकीची होतात, पण पुरती बरी झालेली नसतात. कुणाच्या नाकात दुधाची नळी असते, कुणाला ऑक्सिजन लागतो, कुणाला दोन्ही. अशा मुलांना घरी न्यायचं तर दवाखान्यात चार जणी मिळून करतात ते सगळं घरच्यांना यावं लागतं. ते त्यांना शिकवायचं आणि येतंय याची खात्री झाल्याशिवाय सोडायचं नाही, ही तिची नोकरी. मूल दाराबाहेर पडलं की इतरांच्या लेखी ते गेलं. तिच्या लेखी, जे घरी जगतं आणि परत येत नाही तेच गेलं.

या कामावर येण्याआधी ती बरीच वर्षं मुलांच्या खाटांशीच होती. तेव्हा घरी जाणाऱ्या आईला निघताना दारात उभ्या उभ्या सगळं सांगायची पद्धत होती. आई मान डोलवायची. मान डोलवणाऱ्या आयांची मुलं आठवड्याभरात निळी होऊन परत यायची, काही परत यायचीही नाहीत. तिने वरिष्ठांच्या नाकी नऊ आणून हे काम मागून घेतलं आणि दोन गोष्टी ठरवल्या. पहिली म्हणजे पलीकडची खोली. विभागाच्या टोकाला पूर्वी मोडक्या खाटा ठेवायच्या त्या खोलीत आईबापांनी जायच्या आधी मुलाला घेऊन राहायचं. सगळं त्यांनीच करायचं. ती बाहेर स्टुलावर, दार लोटलेलं. आत मूल रडलं, दूध सांडलं, नळी निघाली तरी ती उठत नाही. आत जावंच लागलं तर हात एप्रनच्या खिशात.

दुसरी गोष्ट, घरात शिकलेली दोन माणसं हवीत. आई आणि बाप, आई आणि आजी, आई आणि भाऊ, कुणीही चालेल, पण दोन. "एक माणूस म्हणजे आंघोळ नाही, झोप नाही आणि ताप आला तर विचारूच नका," असं ती सांगते. एकट्या आईला तिने कधी सोडलं नव्हतं. डॉक्टर वैतागायचे, खाट अडून राहायची, पण ती ऐकत नसे.

ही गोष्ट आहे ती एका लिफ्टवाल्याच्या मुलीची. बाप इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, आई चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवणारी. मूल फार लवकर आलं. फुप्फुसं कच्ची राहिली, म्हणून ऑक्सिजन सुटेना. बापाने मुलीचं नाव ठेवलं वजनदार. रोज काट्यावर ठेवलं की विचारायचा, "वजनदारबाई, आज ओव्हरलोड झालं का?" परिचारिका हसायच्या. आई हसत नसे. ती खाटेच्या बाजूला बसून मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राही. तिचे हात थरथरत.

पाठवणीबाईला काळजी वाटत होती ती आईची. नळी घालायला शिकवताना आई दोनदा उठून मोरीकडे धावली. एकदा तिने सिरिंज खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, मला नाही जमणार. मी हिचं काहीतरी वाईट करीन."

"जमेल," पाठवणीबाई म्हणाली. "ज्यांना भीती वाटत नाही त्यांचीच मला भीती वाटते."

बोलायला म्हणून बोलली. बापाला भीती वाटत नव्हती आणि त्याची तिला मुळीच काळजी नव्हती. उलट तो तिचा लाडका विद्यार्थी. एकदा दाखवलं की त्याच्या हातात बसायचं. ऑक्सिजनच्या मशीनची गाळणी कशी धुवायची, नळी कुठे दुमडते, वीज गेली तर सिलिंडर कसा जोडायचा, हे तर तो इतर बापांना सांगू लागला. मुलीच्या पायाला एक तार चिकटवलेली असे. तिच्या टोकाशी लाल उजेड, आणि त्यावरून रक्तात प्राणवायू किती ते पडद्यावर दिसे. आकडा खाली गेला की मॉनिटर कोकलायचा. तसाच एक छोटा मॉनिटर घरी न्यायचा होता.

"कोकलला तर काय करायचं?" पाठवणीबाई विचारी.

"आधी बाळ, मग मशीन," बाप पाढा म्हटल्यासारखा सांगे. "ओठांचा रंग बघायचा, छाती हलते का बघायची, नाकातली नळी बघायची, मशीनपर्यंत हात फिरवत जायचं. सगळं ठीक असेल तरच पायाची तार."

"शाबास."

आईलाही तेच विचारलं जाई. ती अडखळत सांगे, मध्येच विसरे, बाप पुढचं पुरवी. "तू नुसती फ्रेम दाखव, नंबर मी काढतो," तो म्हणे. आई त्याच्याकडे रागाने बघे आणि मग तीही जराशी हसे.

पलीकडच्या खोलीत दोघं राहिली. आईने नळी घातली, रडत घातली, पण नीट घातली. मुलगी तेव्हा वाटी-चमच्याने थोडं थोडं दूधही घ्यायला लागली होती. चमचा ओठाला लागला की जीभ पुढे काढायची. सोमवारी सकाळी ती घरी गेली. त्या दिवशी पाठवणीबाईने नवऱ्याला सांगितलं, "ही नाही परत यायची."

"म्हणजे पैज लावू?" तो म्हणाला.

"अभद्र बोलू नकोस."

मुलगी परत आली ती पावसाळा सरता सरता, एका दुपारी.

झालं ते असं. आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. बाप मुलीजवळ होता, जमिनीवर बसून दाराची बिजागरी नीट करत होता. मॉनिटर कोकलला. बापाने हात लांबवून आवाज बंद केला, पायाची तार सरळ केली आणि परत बिजागरीकडे वळला. पुन्हा कोकलला. त्याने पुन्हा बंद केला आणि तार दुसऱ्या पायाला चिकटवली. आकडा येईना, नुसत्या रेघा. तारेचं टोक खराब झालं असं त्याला वाटलं. त्याच्या धंद्यात लिफ्ट अडली की बहुतेक वेळा लिफ्टला काही झालेलं नसतं, सेन्सरवर धूळ बसलेली असते. त्याने तार काढली, खिशातला रुमाल घेतला आणि टोक पुसू लागला. मुलीकडे त्याची पाठ नव्हती. ती त्याच्या समोरच होती. खाटेखाली ऑक्सिजनची नळी जोडावरून निसटली होती आणि मशीन घरघरत सगळा प्राणवायू फरशीवर सोडत होतं.

रिकामी बादली घेऊन आई आत आली. तिने मशीनकडे पाहिलं नाही, कारण मशीनचं तिला कधी कळलंच नव्हतं. तिने मुलीचे ओठ पाहिले. बादली टाकून तिने श्वास द्यायची मास्कची पिशवी उचलली, मास्क मुलीच्या तोंडावर धरला आणि पिशवी दाबायला लागली. हात थरथरले नाहीत. नळी निसटलेली तिनेच शोधली. मुलगी जगली.

जगली, आणि परत त्याच विभागात, खिडकीजवळच्या खाटेवर आली. डोक्याच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, नुकसान किती ते आत्ता सांगता येणार नाही, मोठी होईल तसं कळेल. एक गोष्ट लगेच कळली. चमचा ओठाला लावला तर जीभ पुढे येईना. दूध कडेने ओघळून जाई.

अशी घटना झाली की विभागप्रमुख सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावतात. प्रमुख स्वतः डॉक्टर, विभागाच्या मुख्य सिस्टर, पाठवणीबाई, आईबाप. खोली लहान, खुर्च्या कमी. बाप उभाच राहिला.

"सिस्टर, तुम्ही यांना शिकवलं होतं ना?" प्रमुखांनी विचारलं.

"शिकवलं होतं."

"आधी बाळ, मग मशीन, हे?"

"रोज."

"बरोबर आहे," बाप म्हणाला. "ताईंनी शिकवलं होतं. मला अजून पाठ आहे."

"मग?"

बाप एक पाऊल पुढे आला. मग त्याने उजवा हात वर केला. हवेत एक बटण दाबलं. दुसऱ्या हाताने खाली, मुलीचा पाय असता तिथे, एक तार सरळ केली. हे करताना त्याचं तोंड भलतीकडेच होतं, पलीकडच्या खाटेवर कुणाशी तरी बोलत असल्यासारखं. आणि बायकी आवाजात, लाडाने म्हणाला, "झालं, झालं, माझी राणी."

"माझी राणी" म्हणायची लकब पाठवणीबाईची होती. खाटेवर काम करत होती तेव्हापासूनची. वाटेत एखादा मॉनिटर कोकलला की ती चालता चालता तो बंद करायची, तार सरळ करायची आणि पुढे जायची. मुख्य सिस्टरही असंच करत. प्रमुखही. विभागात दिवसभर कुठला ना कुठला मॉनिटर कोकलत असतो. मूल पाय झाडतं, तार सैल होते, आकडा पडतो. प्रत्येकाला धावलं तर काम उरकायचं नाही.

"साडेतीन महिने मी तिथं बसलो होतो, साहेब," बाप म्हणाला. "ताईंनी सांगितलं ते दिवसातून एकदा. हे बघितलं ते दिवसभर."

"आम्हाला सवय असते," पाठवणीबाई म्हणाली. "कुठला आवाज खरा, कुठला खोटा, ते आम्हाला कळतं. जाता जाता आमची नजर बाळावर असतेच."

"असेल. ती नजर मला दिसली नाही, ताई. मला हात दिसला."

प्रमुखांनी समोरची फाईल मिटली. ते म्हणाले की कुणाला दोष द्यायचा हेतू नाही, पण प्रशिक्षण पूर्ण झालेलं होतं आणि घरी त्याप्रमाणे झालं नाही, एवढं मान्य करायला हवं. बापाने मान खाली घालून मान्य केलं. पाठवणीबाई मूग गिळून बसली. शिकवलं होतं, हे खरंच होतं. आई सबंध वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होती.

विभागाने उपायही केला. दोन खाटांच्या मध्ये हिरवे पडदे आले. परिचारिका बाळाचं काही करत असतील तेव्हा पालकांनी पडद्याबाहेर थांबावं, अशी सूचना लागली. बघून चुकीचं काही शिकायला नको, असं कारण दिलं गेलं. पाठवणीबाईने पडद्याबद्दल मुख्य सिस्टरांना विचारलं, "उद्या कुणी आतला आवाज ऐकून शिकला तर? कानाला काय लावणार?"

"तू आता गप्प बस बाई," मुख्य सिस्टर म्हणाल्या. "तुझं नाव कुठे आलं नाही, यात आनंद मान."

स्वतःपुरता तिने एक बदल केला. मॉनिटर कोकलला की आता आधी बाळाच्या छातीवर तळवा ठेवते, मग बटण. त्याने वेळ जातो. "काय ग, नाडीवैद्य झालीस का?" असं सहकारी विचारतात. त्या तसं करत नाहीत. एका बाईने केल्याने विभाग बदलत नाही, हे तिलाही कळतं.

नंतर एका दुपारी ती आईजवळ जाऊन बसली. मनात होतं ते सांगून टाकलं. चूक एकट्या बापाची नाही, त्याने जे केलं ते आमच्याकडून उचललं, प्रमुखांच्या खोलीत मी हे म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही.

आई मुलीच्या नाकाखालची चिकटपट्टी बदलत होती. ती संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

"आता बरं वाटतंय का तुम्हाला?" तिने विचारलं.

"त्यासाठी नाही सांगितलं."

"त्यासाठीच सांगितलंत. साहेबांसमोर बोलला असतात तर त्याच्या उपयोगी पडलं असतं. मला एकटीला सांगून काय? ती समोर होती, ताई. निळी पडत होती आणि हा तार पुसत होता. त्याने कुणाचं बघून केलं, याने मला काय फरक पडतो?"

पाठवणीबाईने जुनी चिकटपट्टी उचलून कचऱ्यात टाकली.

मुलगी पुन्हा घरी जायच्या लायकीची झाली, आणि मग नियमाचा प्रश्न आला. दोन माणसं हवीत. आईने सांगून टाकलं की ती त्या घरात जाणार नाही, मोठ्या बहिणीकडे जाणार. बहीण एकटीच राहते, कपड्यांच्या कारखान्यात काम करते. पाठवणीबाईने बापाला बोलावून घेतलं. म्हणाली, पुन्हा सुरुवातीपासून शिकू. या वेळी मी तोंडाने सांगणार नाही, हाताने दाखवीन.

तो आला. पलीकडच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत आई मुलीला मांडीवर घेऊन नळीने दूध देत होती.

"ताई," आई दुधावरची नजर न काढता म्हणाली, "त्याला सांगा, तो आत येणार असेल तर मी बाहेर जाते. दूध अर्धं राहील."

"मी येत नाही आत," बाप म्हणाला. "माझाच माझ्या हातांवर भरवसा नाही. कामावर सुद्धा आता जोडीदार मागून घेतलाय. मी स्क्रू आवळतो आणि तो पुन्हा बघतो."

"येईल, भरवसा परत येईल," पाठवणीबाई म्हणाली. स्वतःलाच ते गुळमुळीत वाटलं.

शेवटी त्या बहिणीला, म्हणजे मुलीच्या मावशीला बोलावलं. तीन दिवस ती सकाळी कामावर जाण्याआधी आली, उभ्याउभ्याच शिकली. चांगली बाई, समजही चांगली. पण कारखान्यात सुट्टी नव्हती. सकाळी जायची ती अंधार पडल्यावर परतायची. पाठवणीबाईने तिला विचारलं, "दिवसा तुम्ही घरी असाल?"

मावशीने धाकट्या बहिणीकडे पाहिलं. बहिणीने तिच्याकडे पाहिलं.

"असेन," मावशी म्हणाली.

हे खोटं आहे हे तिघींनाही कळत होतं. पाठवणीबाईपुढे दोनच वाटा होत्या. एक, नाही म्हणायचं आणि मुलीला त्या पडद्यांमध्ये ठेवायचं, आणखी एक ताप, आणखी एक संसर्ग होईपर्यंत. नाहीतर एकट्या बाईला सोडायचं. दुसरी वाट तिने धरली. "दोन माणसं आहेत," असं तिने डॉक्टरांना सांगितलं. नोकरीत पहिल्यांदाच.

घरी पोचवायला पाठवणीबाई सोबत गेली. मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती. बाप न बोलावता आला होता. पाठीवर सिलिंडर घेऊन तो जिना चढला, मग खाली येऊन मशीन नेलं. खोली एकच, स्वच्छ, खिडकीत कपड्यांचे तुकडे शिवून केलेला पडदा. मावशी कामावर गेलेली होती. आईने मुलीला पलंगावर ठेवलं आणि उशा लावल्या.

"ताई, त्याला सांगा, सिलिंडर भिंतीकडे, पायात यायला नको."

बापाने सिलिंडर भिंतीकडे ठेवला. मशीन सुरू केलं. प्रत्येक जोड ओढून पाहिला, जोडांवर चिकटपट्टी गुंडाळली. नळीचं टोक स्वतःच्या गालाशी धरून वारा येतो का बघितलं, मग ते पाठवणीबाईच्या हातात दिलं. मुलीपर्यंत तो गेला नाही. पलंगापासून दोन हातांवर थांबून त्याने तिच्याकडे पाहिलं. रोज काट्याजवळ जे म्हणायचा ते त्याच्या ओठांवर आलं असावं, पण तो बोलला नाही.

"त्याला सांगा, झालं असेल तर दार ओढून घे म्हणावं."

पाठवणीबाईने आईकडून एकदा सगळं करून घेतलं. आईचा हात आता सरावलेला होता. तिला शिकवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"झोपणार कधी तुम्ही?" पाठवणीबाईने विचारलं.

"माझी मोठी बहीण आल्यावर."

"आणि मध्ये चक्कर आली, काही झालं तर?"

"मग तुम्ही त्या डॉक्टरांना दोन माणसं आहेत असं कशाला सांगितलंत?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. नुसता प्रश्न होता. "जा आता तुम्ही. दुसरी माणसं तुमची वाट बघत असतील."

खरंच बघत होते. पलीकडची खोली सकाळीच दुसऱ्या कुटुंबाला दिली होती. पाठवणीबाई बाहेर आली, दार लोटलं आणि उतरायला लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाप पायरीवर बसलेला होता.

"वर दुसरं कोण आहे?" त्याने विचारलं.

"मावशी."

"मावशी कामावर गेल्यात. मला येताना गल्लीत भेटल्या."

"येतील अंधार पडल्यावर."

"मग तोवर मी बसतो इथं."

"आज बसाल. उद्या?"

"उद्याही. रात्रपाळी मागून घेतलीय. रात्री लिफ्ट बंद पडल्या तरी कुणाला घाई नसते."

"बसून करणार काय? ती तुम्हाला हाक मारणार नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि तिला उतरायला वाट व्हावी म्हणून हत्यारांची पिशवी भिंतीकडे सरकवली.